सिमेंटच्या कामाने माझ्या हातांना खाज येते, चिरा पडतात. सोबतच्या कुणालाच होत नाही. मग हे सिमेंटनेच असेल का? कोणतं मलम लावावं?

"सोबतच्या कुणालाच होत नाही" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मलमाचं पुढे सांगते. आधी या वाक्याचा निकाल लावू द्या, कारण याच वाक्यापायी माझ्या वडिलांच्या हातांची वर्षानुवर्षं वाट लागली. आणि ते वाक्य बोलणारा माणूस बाहेरचा नाही, माझा सख्खा मामा आहे.

अण्णा गवंडी. जत तालुक्यातून पुण्याला आले, बिगारी म्हणून लागले आणि गिलाव्यात त्यांचा हात बसला. त्यांचं नीरू फिनिश (चुन्याच्या लेपाचा गुळगुळीत शेवटचा हात) बघायला शेजारच्या साइटवरचे मिस्त्री यायचे, हे मी कौतुकानं सांगत नाही, मामाच सांगतो. मामा लेबर कॉन्ट्रॅक्टर, अण्णा त्याच्याच हाताखाली. खिडकीच्या कडा आणि कोपरे अण्णा शेवटी बोटानंच ओढायचे, पट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. सुरुवात त्याच बोटांच्या बेचक्यांत झाली. पाणी भरल्यासारखे बारीक फोड, मग खाज, मग कातडी जाड होऊन थंडीत उभ्या चिरा. कालवणाचं तिखट त्या चिरांत जायचं म्हणून जन्मात चमचा न धरलेला माणूस भाकरी कुस्करून चमच्यानं खायला लागला.

घरात निदान करणारे काय कमी असतात? आत्या म्हणाली रक्त बिघडलंय, वांगं आणि सुकट बंद. कुणी कडुनिंबाचा पाला उकळून दिला. मामाचं एकच, "सिमेंटनं होत असतं तर माझ्या सगळ्या गवंड्यांना झालं असतं की. दाजींची कातडीच नाजूक." यावर घरात कुणी बोलायचं नाही, कारण पगार त्याच्याकडूनच येत होता.

आता ऐका. सिमेंट दोन वेगवेगळ्या पद्धतींनी हात बिघडवतं, आणि लोक दोन्हींची खिचडी करतात. एक म्हणजे ओल्या सिमेंटचा निव्वळ मार. त्याचा पीएच 12 ते 13, म्हणजे जबर अल्कधर्मी, आणि आपली कातडी मुळात किंचित आम्लधर्मी. त्यात वाळूची घासण. हा मार कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांनाच बसतो, दणकट कातडीलाही सुटका नाही. तुमच्या सोबतच्यांचे तळवे एकदा उजेडात बघा, मग म्हणा कुणाला होत नाही. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्याला तेव्हा काही कळत नाही, घरी गेल्यावर कातडी भाजलेली दिसते. हे मी स्लॅबच्या दिवशी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट ॲलर्जी, आणि ती क्रोमियमची. सिमेंटच्या कच्च्या मालात आणि भट्टीच्या विटांमध्ये क्रोमियम असतं. भट्टीच्या तापमानात त्यातलं काही सहा-संयुजी, म्हणजे जास्त घातक रूपातलं होतं, ते पाण्यात विरघळतं आणि कातडीतून आत शिरतं. प्रमाण अगदी नगण्य, दहा लाखांत काही भाग. पण शरीरानं एकदा त्याला शत्रू ठरवलं की तेवढंही पुरतं, आणि ते वैर सहसा आयुष्यभर जात नाही. हे ठरायला कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला वीस वर्षं, कुणाच्या बाबतीत ते कधीच होत नाही. त्यामुळे "इतकी वर्षं हेच काम करतोय, तेव्हा कुठे झालं?" हा सवाल बिनकामाचा आहे. शिवाय त्रास लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतो, म्हणून माणूस आज काय खाल्लं ते आठवत बसतो.

मामाला मी एकदाच गप्प झालेला पाहिला, तो बिब्ब्यावरून. एकाला बिब्बा उततो, तोंड सुजून डोळे मिटतात. दुसरा तोच बिब्बा फोडून गोडंबी काढतो आणि त्याला काही होत नाही. मग ज्याला उतला त्याच्या रक्तात दोष, आणि बिब्बा निर्दोष? गावाकडचा माणूस हे बरोबर समजतो. फक्त सिमेंटच्या गोणीपाशी आला की विसरतो.

आणि "कुणालाच होत नाही" याचं आणखी एक कारण आहे. ज्यांना झालं ते गेले. मामाच्या हाताखालचा एक फरशीवाला रिक्षा चालवायला लागला, एक जण सोसायटीत वॉचमन झाला, एक गावी शेळ्या पाळतो. तिघांच्याही हातांचं हेच होतं. उरले त्यांच्याकडे बोट दाखवून मामा म्हणतो, बघ, यांना कुठे काय झालंय.

मग एका मोठ्या साइटवर सेफ्टी ऑफिसरनं अण्णांचे हात बघून चांगल्या मनानं जाड चामडी हातमोजे दिले आणि सेफ्टी शूज सक्तीचे केले. पंधरवड्यात हात दुप्पट बिघडले. मनगटावर जिथे मोजा संपतो तिथे आखल्यासारखी लाल रेघ, पायांच्या वरच्या बाजूलाही तेच. मामाला तर आयतं कोलीत मिळालं. "पायाला कुठे सिमेंट लागतं? म्हणजे रक्तच."

सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी ती रेघ बघितली आणि हाताबद्दल काही विचारायच्या आधी म्हणाल्या, "हातमोजे आणि बूट उद्या घेऊन या." बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. घामानं ते थोडं थोडं सुटतं. म्हणजे ज्याला क्रोमियमची ॲलर्जी त्याला आम्ही क्रोमियमचेच मोजे घातले होते, दिवसभर, घामासकट.

मग पॅच टेस्ट झाली. पाठीवर चिकटपट्टीवरचे छोटे छोटे डबीसारखे कप लावतात, प्रत्येकात एक संशयित पदार्थ. दोन दिवस ठेवायचे, अंघोळ नाही, घाम गाळायचं काम नाही. मग काढून मार्करनं खुणा करतात, तेव्हा एकदा बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. निकेलचा चौकोन स्वच्छ, रबराचा स्वच्छ. पोटॅशियम डायक्रोमेटचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराचा, मात्र लाल, फुगलेला, वर बारीक फोड. बाईंनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं, "उंचवटा लागतोय ना?" लागत होता. तेच बेचक्यातले फोड, पण पाठीवर, जिथे सिमेंट कधी लागलं नव्हतं.

तुम्हाला कुणी "ॲलर्जी प्रोफाइल" म्हणून रक्ताची महागडी तपासणी सांगितली तर पैसे वाचवा. ती वेगळ्या जातीच्या ॲलर्जीसाठी असते, शिंका, पित्त उठणं वगैरे. या कामाला पॅच टेस्टच लागते. मोठ्या सरकारी रुग्णालयांत किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात विचारा. एप्रिल-मे टाळा, घामानं पट्ट्या सुटतात.

हे काही नवीन संशोधन नाही, म्हणून जास्त राग येतो. डेन्मार्कनं 1983 सालीच सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या क्रोमियमवर मर्यादा घातली, दहा लाखांत 2 भाग. 2005 पासून सगळ्या युरोपीय संघात तोच नियम आहे. उपायही साधा, सिमेंट दळताना त्यात फेरस सल्फेट घालायचं, रक्तवाढीच्या गोळ्यांत असतं तेच. सहा-संयुजी क्रोमियम त्यानं तीन-संयुजी होतं, ते कातडीत सहज शिरत नाही. त्याचा असर साठवणीत कमी होतो म्हणून तिथे गोणीसोबत किती दिवसांत वापरायचं तेही लिहितात. डेन्मार्कमध्ये बांधकाम कामगारांतली ही ॲलर्जी त्यानंतर स्पष्ट घटली. मी साइटवर क्वालिटीचं बघते, गोण्या रोज डोळ्यांखालून जातात. आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते ताकदीसाठी. क्रोमियमचा आकडा मला अजून एकाही गोणीवर दिसलेला नाही. मामा म्हणतो, "फॉरेनच्या लोकांची कातडीच मऊ."

बरं, मलम. साइटजवळच्या मेडिकलमध्ये "खाजेची द्या" म्हटलं की जी ट्यूब मिळते, तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही कोंबलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. सोडली की दुपटीनं उठते, आणि महिनोन्महिने लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते. डॉक्टरनं स्टेरॉइड दिलं तर जरूर लावा, किती दिवस ते त्यांनाच ठरवू द्या. स्वतःच्या मनानं लावायचंच असेल तर रात्री साधी पेट्रोलियम जेली, हात कोमट पाण्यानं धुऊन, ओलसर असतानाच. ती स्वस्त आहे आणि तिच्यात वास-रंग नाही. पण माल (कालवलेलं सिमेंट) हाताला लागतच राहणार असेल तर जगातलं कुठलंही मलम हरतं.

हातमोजे कोपरापर्यंत पोचणारे नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) घ्या, आत सुती अस्तर किंवा वेगळा पातळ सुती मोजा. विणलेले सुती मोजे नकोत, ते माल शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा. चामडी तर नकोतच. आत माल गेला की लगेच काढा. रबरात घातलेल्या रसायनांचीही काहींना ॲलर्जी असते, तेव्हा मोज्यानंच वाढलं असं वाटलं तर पीव्हीसीचे घालून बघा. आणि ज्या टिपात (पिंपात) थाप्या, घमेली बुडवतात त्या राखाडी पाण्यात हात धुऊ नका! अण्णा आयुष्यभर तेच करत होते, सगळे करतात. ते पाणी म्हणजे सौम्य सिमेंटच. वेगळी कॅन ठेवा. कपड्याच्या पावडरीनं हात घासणंही बंद.

काम सोडावं का, असं तुम्ही विचारलं नाहीये, पण रात्री तोच विचार येत असणार. अण्णांनी गिलावा सोडला नाही. ते जिप्समच्या गिलाव्याकडे वळले, त्यात सिमेंट नसतं. घरी पायात अस्सल कोल्हापुरी, कारण ती बाभळीच्या साली-हिरड्यानं कमावतात, साइटवर पीव्हीसीचे गमबूट. हात पूर्ण कोरे झाले नाहीत, हिवाळ्यात बेचके अजून उलतात, पण चमचा सुटला. मामाच्या मते वयानं बरं झालं. तुम्ही फरशीचं काम करत असाल तर पांढऱ्या सिमेंटमध्ये क्रोमियम फारच कमी असतं हे लक्षात ठेवा, मात्र फरशीच्या सांध्यांत भरतात त्या इपॉक्सी ग्राउटपासून जपा, त्याची ॲलर्जी वेगळी आणि जबर असते.

मी डॉक्टर नाही, हे वर लिहायला हवं होतं. घरातल्या इतरांनाही रात्री खाज येत असेल तर ती खरूज असू शकते. गोल कडा असलेला चट्टा असेल तर गजकर्ण. पू, ताप किंवा डोळ्यांभोवती सूज असेल तर हे उत्तर वाचत बसू नका. सुट्टीत गावी गेल्यावर कमी आणि कामावर आल्यावर परत, असं होत असेल तर मात्र माझा संशय कामावरच.

आणि कायद्याचं एक. बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत सरकारला कळवायच्या रोगांची यादी दिली होती, तिच्यात कामामुळे होणारा त्वचारोग होता. कळवायचं मालकानं, म्हणजे आमच्या बाबतीत मामानं. अण्णांचा पॅच टेस्टचा कागद मामा "साहेबांना दाखवतो" म्हणून घेऊन गेला तो आजतागायत परत आलेला नाही. मागितला की म्हणतो कपाटात आहे. तुमचा कागद मिळाला की त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, आणि मूळ प्रत मुकादमाच्या हातात देऊ नका, तो कितीही जवळचा असला तरी.