कडी आतून लावू द्या

प्रश्न : माझ्या मिस्टरांची (वय ५९) चार महिन्यांपूर्वी बायपास झाली. रिपोर्ट चांगले आहेत, पण माणूस पार बदललाय. चिडतात, कुणाशी बोलत नाहीत, फिरायला जायचं टाळतात. गोळ्या हातात द्याव्या लागतात. मी पथ्यपाणी सगळं बघते, बाथरूमची कडीसुद्धा लावू देत नाही. आणखी काय करू? — एक वाचक, सातारा

ताई, तुमच्या त्या कडीपाशीच मी अडकले. साठीला आलेल्या माणसाला चार महिने आंघोळ करताना कडी लावायची मुभा नाही? सुरुवातीला ठीक होतं. ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, अशक्तपणा असतो. ते दिवस कधीच सरले. डॉक्टर म्हणतात, बरे झालात. घर मात्र रोज सांगतं, तुम्ही कधीही कोसळाल. ते घराचं ऐकतायत.

म्हणून आणखी काही करू नका. चक्कर येत नसेल तर उद्यापासून कडी आतून. बाहेरून हाकाही मारायच्या नाहीत. गोळ्यांचा डबा त्यांच्याच हाती द्या, त्यांनीच आठवड्याचा भरू दे. तुम्ही रात्री एकदा नजर टाका, पुरे.

फिरणं टाळतात ते आळसाने नसावं. चढावर जरा धडधडलं की पोटात गोळा येत असेल, आणि हे तुमच्याजवळ बोलायची सोय नाही, कारण तुम्ही त्यांच्याहून जास्त घाबरलेल्या. हृदयाच्या आजारानंतर साधारण पाचातला एक जण नैराश्यात जातो. मग चालणं सुटतं, गोळ्या चुकतात आणि त्याचा भार पुन्हा हृदयावरच येतो. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नुसतं 'चिडचिड होते' म्हणू नका. 'आता जगून काय करायचं' असं काही बोलले, तर त्याच दिवशी सांगा.

आणि कार्डिअ‍ॅक रिहॅबबद्दल, म्हणजे हृदयरुग्णांना देखरेखीखाली पुन्हा हिंडतं-फिरतं करणाऱ्या केंद्राबद्दल विचारा. तिथे ईसीजीच्या तारा लावून, बीपी बघत ट्रेडमिलवर चालवतात, वेग बेताबेताने वाढवतात, मनातल्या भीतीबद्दलही बोलतात. पहिल्या दिवशी तुम्हीही जा आणि समोर बसून बघा. ठोके वाढतात, थांबल्यावर खाली येतात, माणूस घाम पुसून पाणी मागतो. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुमची भीती जायची नाही.

अपॉइंटमेंटसाठी फोन मात्र तुम्ही लावू नका. त्यांनाच लावू द्या.