चंद्रावर धुकं कुठून आलं?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्यात. विज्ञानकथांसाठी चित्रं काढायची आहेत, पण माझी यानं आणि परग्रहावरची शहरं कुठंतरी पाहिल्यासारखी वाटतात. पेन टॅब घेतला तर फरक पडेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पडेल, वडिलांच्या खिशाला. टॅब नंतर बघू. घरात संगणक असेल तर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माऊसवर रंग भरून बघ.

चित्रं पाहिल्यासारखी वाटतात, कारण ती पाहिलेलीच असतात. आपण यानाच्या चित्राचं चित्र काढत बसतो. मीही पाच-सहा वर्षं तेच केलं, तेही सोलापूरच्या पूर्व भागात राहून! आमच्या भिंतीपलीकडं यंत्रमागाचा कारखाना होता. दिवसरात्र खटखट. त्या आवाजाचा वैताग करत मी बसून रॉकेटं काढायचो.

चादरीचा माग जवळून बघ. वर जकार्ड बसवलेलं असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ त्यावरून एकेक घर सरकते. भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो आणि चादरीवर मोर उमटायला लागतो. फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या माणसानं १८०४च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि पुढं बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी पत्त्यांची हीच युक्ती घेतली. म्हणजे संगणकाचा एक पूर्वज तुझ्या गल्लीत तेलकट होऊन खडखडतोय.

आठवडाभर रोज मागाचा एकच भाग काढ, साध्या बॉलपेननं. काय कशाला ओढतं हे कळेपर्यंत सावल्या नकोत. मग जकार्ड चार मजली कर. एकेक पत्ता दाराएवढा. बाजूच्या शिडीवर तेलाची बरणी घेऊन चढणारा एक माणूस काढ. तो नसेल तर चार मजले कुणाला कळणारच नाहीत.

आता हवा. यात माझी फजिती झाली होती. एका दिवाळी अंकासाठी चंद्रावरची वस्ती रंगवली आणि मागचे डोंगर इंटरमिजिएटच्या सवयीनं फिकट निळे केले. छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, एका ओळीचं : ‘चंद्रावर धुकं कुठून आलं?’ लाजून लाल झालो. लांबचं फिकट दिसतं ते मधल्या हवेमुळं. चंद्रावर हवा नाही, म्हणून दहा किलोमीटरवरच्या डोंगराची कडाही पायाजवळच्या दगडाइतकीच धारदार. अंतर कळायला काही खूणच नाही. १९७१मध्ये अपोलो १४चे दोघं अंतराळवीर कोन नावाच्या विवराच्या अगदी जवळ पोचले, पण त्याचा काठ न दिसताच त्यांना परत फिरावं लागलं.

मंगळावर विरळ का होईना हवा आहे, आणि भरपूर धूळ. दिवसा आभाळ पिवळट तांबूस, मावळत्या सूर्याभोवती मात्र निळसर. गुरुत्व आपल्या ३८ टक्के, त्यामुळं तिथल्या इमारतीचे खांब बारीक काढलेस तरी खपतील.

तेव्हा चित्र सुरू करण्याआधी तीनच छटांत, काडेपेटीएवढ्या चौकटीत, उजेड कुठून येतोय ते ठरव. अशा दहा चौकटी. नऊ फुकट जातील, जाऊ देत. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत रात्री वही घेऊन जा. आकाशपाळण्याचे दिवे माणसांच्या चेहऱ्यावर खालून, बाजूनं, वेगवेगळ्या रंगांत पडतात; दोन सूर्यांच्या ग्रहाचा सराव होम मैदानावरच होऊन जाईल.

कारखान्यात मालकाला विचारून जा. आणि चित्र काढताना मागाच्या बाजूला, धोट्याच्या रेषेत उभा राहू नकोस. सुटला तर बरगडीत बसतो.