अकरावीतच कॉलेजचा वर्ग : अमेरिकेतील पालकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. माझी मुलगी दहावीत असून पुढील वर्षापासून ‘रनिंग स्टार्ट’ योजनेतून कम्युनिटी कॉलेजमध्ये (मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात) पूर्ण वेळ जाण्याचा तिचा हट्ट आहे. तिच्या मैत्रिणीची थोरली बहीण हायस्कूल संपतानाच दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दोन वर्षांची फी वाचत असेल तर मागेपुढे पाहू नये, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. मुलीला पुढे डॉक्टर व्हायचे आहे. आम्हा दोघांचेही शिक्षण भारतात झाल्यामुळे इथली रीत आम्हाला ठाऊक नाही. मुलगी एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहे, त्याची काही अडचण येईल का?

उत्तर : व्हिसाची शंका आधी दूर करतो. एच-फोरवर असलेल्या मुलांना इथे शिक्षण घेण्याची मुभा आहे आणि त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र वयाच्या 21व्या वर्षी हा दर्जा संपतो, हे पुढची आखणी करताना ध्यानात असू द्यावे.

रनिंग स्टार्टचा कायदा आपल्या राज्यात 1990 साली झाला. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना त्यातून कॉलेजचे वर्ग शिकवणीच्या फीशिवाय करता येतात. पुस्तके, काही किरकोळ शुल्के आणि जाण्यायेण्याचा खर्च तेवढा घरचा. कॉलेजच्या एका क्वार्टरमधील, म्हणजे एका छोट्या सत्रातील, पाच क्रेडिटचा (क्रेडिट हे अभ्यासाचे एकक) विषय हायस्कूलच्या एका पूर्ण क्रेडिटएवढा, म्हणजे वर्षभराच्या विषयाएवढा धरला जातो. मुलांना या योजनेची ओढ वाटते ती बव्हंशी याच हिशेबामुळे. पण त्याची दुसरी बाजू अशी की शाळेत जे वर्षभर सावकाश चालते, ते इथे साधारण दहा-अकरा आठवड्यांत उरकते. एका क्रेडिटला आठवड्यातून एक तास वर्गात आणि किमान दोन तास घरी अभ्यासाचे, असे कॉलेजचे सर्वसाधारण गणित असते. म्हणजे पाच क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याचे पंधरा तास लागतात आणि पूर्ण वेळ, म्हणजे पंधरा क्रेडिट घेतली, तर पंचेचाळीस तास लागतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या आठवड्यात हे तास कुठून येणार, ते तिने स्वतः वेळापत्रकाच्या कागदावर मांडून दाखवावे, असे तिला जरूर सांगा.

फी वाचण्याचा मुद्दा खरा आहे आणि तिच्या वडिलांना वाटणारी काळजी रास्तच आहे. परंतु मुलगी वैद्यकीय शिक्षणाकडे जाणार असेल, तर त्याहून मोठी एक गोष्ट आहे, जी पालकांना फार उशिरा कळते. या वर्गांतील ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) कायमची नोंदली जाते. अमेरिकेतील एम. डी. (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज ज्या एएमकॅस या केंद्रीय यंत्रणेमार्फत जातात, तिथे हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेजच्या वर्गांचीही ट्रान्सक्रिप्ट द्यावीच लागते आणि त्या ग्रेड सरासरीत धरल्या जातात. तोच विषय पुन्हा घेऊन चांगली ग्रेड मिळवली तरी पहिली ग्रेड वगळली जात नाही. दोन्ही मोजल्या जातात. सोळाव्या वर्षी धांदलीत घेतलेल्या रसायनशास्त्राचा ‘सी’ बाविसाव्या वर्षीच्या अर्जात पुन्हा समोर येतो. मुलगी हुशार आहे याबद्दल मला शंका नाही. आपण ज्याला केवळ सराव समजतो, त्याची नोंद पुसता येत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पहिल्या क्वार्टरमध्ये तिने कॉलेजचा एकच विषय घ्यावा आणि बाकीचे शाळेत ठेवावेत. तो विषय रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या मालिकेतला नसावा. इंग्रजी निबंधलेखनाचा पायाभूत वर्ग किंवा तिला मनापासून आवडणारा एखादा सामाजिक शास्त्राचा विषय सुरुवातीला योग्य. तो नीट पार पडला, तर पुढच्या क्वार्टरला दोन घेता येतील. शाळेच्या काउन्सेलरची सही असलेला नोंदणीचा फॉर्म दर क्वार्टरला नव्याने भरावाच लागतो, त्यामुळे दरवेळी थांबून विचार करण्याची संधी आपोआप मिळते. हायस्कूलच्या पदवीची पात्रता पूर्ण करणारे विषय शाळेकडून तपासून घेण्याचे कामही त्याच भेटीत होते.

एखादा वर्ग झेपत नाही असे दिसले, तर ठरलेल्या तारखेच्या आत रीतसर नाव काढून घ्यावे. फार लवकर काढले तर सहसा नोंद राहत नाही. नंतर काढले तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (नाव काढून घेतल्याचा शेरा) येतो, आणि तोही नापासाच्या शेऱ्यापेक्षा बरा. कित्येक मुले मात्र संकोचापोटी कोणालाच न सांगता वर्गात जायचे थांबतात आणि शेवटी त्यांच्या नावापुढे ‘एफ’ लागतो. या तारखा सिलॅबसमध्ये किंवा कॉलेजच्या दिनदर्शिकेत छापलेल्या असतात. पहिल्याच दिवशी त्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्याव्यात.

क्रेडिट पुढे चालतील का, हेही विचारून घ्या. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत ती बहुधा सुरळीत वळती होतात. खासगी आणि राज्याबाहेरील विद्यापीठे आपापले नियम लावतात. हायस्कूलच्या पदवीसाठी वापरलेले क्रेडिट न स्वीकारणारीही काही आहेत. तेव्हा ‘दोन वर्षे वाचली’ हे वाक्य पुढचे विद्यापीठ कोणते ते ठरेपर्यंत अर्धवटच असते. असोसिएट पदवी हाती असली तरी हायस्कूल सुटण्यापूर्वी मिळवलेल्या क्रेडिटमुळे मुलगी सहसा प्रथम वर्षाचीच अर्जदार समजली जाते, ही त्यातली समाधानाची बाब.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात आहोत. मुलगा नववीत आहे. एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय घ्यावेत की कम्युनिटी कॉलेजचे, यावर आमच्यात एकमत होत नाही. कॉलेजचा वर्ग घेतला तर खर्च किती येतो?

उत्तर : कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत नेहमीच्या विद्यार्थ्यांना एका युनिटमागे (क्रेडिटमागे) 46 डॉलर पडतात; मात्र हायस्कूलच्या मुलांनी एका सत्रात अकरा युनिटपर्यंतच घेतली, तर कॉलेजे हे शुल्क सहसा माफ करतात. पुस्तकांचा आणि किरकोळ शुल्कांचा खर्च वेगळा. नोंदणीसाठी पालकांची संमती आणि शाळेची शिफारस लागते.

एपी आणि कॉलेजचा वर्ग यांतला खरा फरक परीक्षेच्या पद्धतीत आहे. एपीमध्ये वर्षभर शाळेत शिकून मे महिन्यात एकच परीक्षा होते आणि 1 ते 5 यांपैकी गुण मिळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ 3 किंवा त्याहून अधिक गुणांना क्रेडिट देते. त्या दिवशी ताप आला तर वर्षाची मेहनत अडचणीत येते. मात्र गुण कमी मिळाला, तरी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर त्याचा डाग राहत नाही. कॉलेजच्या वर्गात ग्रेड सत्रभराच्या कामावर ठरते आणि ती कायम राहते. मुलगा परीक्षेच्या दिवशी गडबडून जाणारा, पण रोजचे काम नेमाने करणारा असेल, तर त्याला कॉलेजचा वर्ग मानवेल. उलट स्वभावाच्या मुलाला एपी बरे. वर्ग निवडण्यापूर्वी ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर तो विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदली धरला जातो, ते पाहावे. नववीत मात्र मी घाई करणार नाही. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात एक विषय घेऊन बघावा.

प्रश्न : मुलाने कॉलेजचा पहिला वर्ग सुरू केला आहे. त्याच्या ग्रेड विचारण्यासाठी मी कॉलेजला फोन केला, तर माहिती देता येत नाही असे उत्तर मिळाले. मुलगा जेमतेम सोळाचा आहे. हे कसे?

उत्तर : त्यांनी नियमाप्रमाणेच उत्तर दिले. 1974च्या फर्पा या संघीय कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला, की त्याचे वय काहीही असो, तिथल्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. कराच्या दृष्टीने तो आपल्यावर अवलंबून असल्यास कॉलेजला माहिती देण्याची मुभा असते, सक्ती नसते. हायस्कूलकडे आलेली नोंद आपण शाळेकडे मागू शकता.

मी माझ्या मुलीच्या वेळी या नियमावर मनातून रागावलो होतो, हे कबूल करतो. तिच्या प्राध्यापकांना गृहपाठाची मुदत विचारायची होती आणि तिचा मेल मीच लिहायला बसलो होतो. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, चार ओळी लिहिल्या, विषयाच्या जागी वर्गाचा क्रमांक टाकला, आणि पाठवण्याआधी फक्त शुद्धलेखन तपासून द्या म्हणाली. मी एक स्वल्पविराम बदलला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि त्यात मुदतीबरोबरच ‘ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेत) येऊन भेट’ असेही लिहिले होते. ती गेली. पुढे त्या प्राध्यापकांनीच तिला शिफारसपत्र दिले.

मुलाकडे पासवर्ड मागू नका. रविवारी संध्याकाळी त्याने स्वतः कॉलेजचे पान उघडून त्या आठवड्याच्या ग्रेड आणि पुढच्या आठवड्याच्या मुदती आपल्याला दाखवाव्यात, असे दोघांनी ठरवून घ्या. पंधरा मिनिटे पुरतात.