'मिलॉर्ड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आलाय: 'यू रँग, मिलॉर्ड?' या बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकेत बटलर उठता-बसता 'मिलॉर्ड' म्हणतो. मराठी सबटायटल्स लिहिताना तिथे 'हुजूर' चालेल का? आणि बटलरला 'खानसामा' म्हणावं का?

खानसाम्याचं आधी निपटवू. फारसीतला खानसामा म्हणजे घरातल्या सामानसुमानाचा कारभारी. बटलर म्हणजे मुळात बाटल्या सांभाळणारा. जुन्या फ्रेंचमधल्या बाटलीवरूनच तो शब्द आलाय. कंपनी सरकारच्या काळात बंगालकडचे गोरे ज्याला खानसामा म्हणत, त्यालाच मुंबई-मद्रासकडचे बटलर म्हणत. म्हणजे व्युत्पत्तीने काही बिघडत नाही. पण आज खानसामा म्हटलं की आपल्याला डाकबंगल्यात कोंबडीचा रस्सा करणारा दिसतो. मालिकेतला बटलर आल्फ स्टोक्स चुलीपाशी राबत नाही, त्या कामाला मिसेस लिप्टन आहेत. तेव्हा बटलरला बटलरच राहू द्या.

'मिलॉर्ड'ची गोष्ट वेगळी. 'माय लॉर्ड' बोलता बोलता झिजून तो झालाय. तसाच ठेवायला हरकत नव्हती, हंगेरीत ही मालिका प्रचंड गाजली आणि तिथल्या नावात 'मायलॉर्ड' तसाच आहे. आपल्याकडे मात्र तो हिंदी सिनेमातल्या कोर्टाने पळवलाय. बार कौन्सिलने २००६ साली त्याऐवजी 'युअर ऑनर', 'सर' असे पर्याय दिले, तरी हायकोर्टात तो अजून ऐकू येतो. पडद्यावर 'मिलॉर्ड' उमटला की प्रेक्षक काळा कोट शोधणार!

'हुजूर'ला दरबाराचा वास आहे. ही मालिका घडते १९२७ सालच्या लंडनमध्ये, एका उमरावाच्या राहत्या घरात. माझं मत 'सरकार'ला. वाड्यावरची गडीमाणसं इनामदाराला 'सरकार' म्हणायची, त्यात अदबही आहे आणि रोजची सवयही. शिवाय आल्फ हा पक्का लबाड, मालकवर्गाला मनातून पाण्यात पाहणारा. त्याच्यासाठी आपल्याकडे लॉर्डचंच देशी रूप तयार आहे: लाट. समोर 'सरकार' आणि पाठ वळली की 'आले मोठे लाटसाहेब!' ही सोय इंग्रजीत नाही, मराठीत फुकट मिळते.

नावातल्या 'रँग'चं काय? मोठ्या इंग्रजी घरांत तळघरातल्या फळीवर ओळीने घंटा टांगलेल्या असत, वर कोणत्या खोलीतून दोरी ओढली ते खाली कळे. पण 'घंटा वाजवलीत, सरकार?' असं लिहाल तर 'घंटा'चा आजचा अर्थ माहीत असलेली पोरं भलतीकडेच हसतील. 'बोलावलंत, सरकार?' पुरे. (जाता जाता: मालिकेच्या लेखकजोडीतले जिमी पेरी लष्करात असताना नाशिकजवळच्या देवळालीला होते. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात ते याच देवळालीवरून, आणि मूळच्या 'डूलाली टॅप'मधला टॅप म्हणजे ताप.)

खरी कसोटी मात्र क्रियापदांत आहे, आणि ते कुणी विचारलेलं नाही. अशा घरात मालक बटलरला नुसत्या आडनावाने हाक मारणार, 'स्टोक्स'. फुटमनला, म्हणजे बटलरच्या हाताखालच्या गड्याला, पहिल्या नावाने, 'जेम्स'. खाली स्वयंपाकघरात तोच स्टोक्स 'मिस्टर स्टोक्स' होतो. मुख्य स्वयंपाकीण लग्न झालेली असो-नसो, 'मिसेस'च, आपण 'बाई' लावतो तसं. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'यू', मराठीत दर वाक्याला अरे की अहो ते ठरवावं लागतं. मी घरमालक लॉर्ड मेल्ड्रमच्या तोंडी स्टोक्ससाठी 'तुम्ही' घालेन आणि जेम्ससाठी 'अरे'. 'स्टोक्स, जरा बघा.' 'जेम्स, कोळसा टाक.'

सगळ्यात मजा आयव्हीची. ती या घरातली मोलकरीण आणि आल्फची पोटची मुलगी, पण हे नातं घरात लपवून ठेवलंय. चारचौघांत तिने बापाला 'मिस्टर स्टोक्स' म्हणायचं. मराठीत एवढ्यावर भागत नाही, क्रियापदच चुगली करतं. एकांतात ती 'बाबा, तू हे काय केलंस!' म्हणत असेल, तर तेवढ्यात मिसेस लिप्टन दारात आल्यावर तिला 'केलंस' गिळून 'केलंत' म्हणावं लागेल. मूळ संवादात अशी जागा नसली तरी सबटायटल्स लिहिणाऱ्याने ती सोडू नये.