बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मुलांसाठी शाश्वत विकासाचा प्रकल्प वर्षभर चालवला. त्याचं मूल्यमापन कसं करावं?

हजेरीपट आणि झाडं लावतानाचे फोटो बाजूला ठेवा, त्यातून काही कळत नाही. सुरुवातीला चाचणी घेतली नसेल, तर प्रकल्प न झालेल्या शेजारच्या शाळेशी तुलना करा.

संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं मुलं घडाघडा म्हणतील. मलप्रभा नदी तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते, हेही सांगतील. त्याऐवजी विचारा: तुमच्या घरचं सांडपाणी कुठं जातं? उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती असतं? घरी काय बदललं, ते आईवडिलांना विचारा. कारण मुलं आपल्याला खूश करणारं उत्तर देतात.

आणि भाषा बघा. घरी मराठी, शाळेत कन्नड असलेल्या मुलाला प्रश्नावली एकाच भाषेत दिलीत, तर बऱ्याचदा त्याची भाषाच मोजली जाते. सहा महिन्यांनी पुन्हा एक फेरी मारा.