मारुतीच्या कमरेला पाणी

चिरंजीव,

परवा तू मोबाइलवरची ती ‘तुम्ही कुठल्या प्रकारचे पालक?’ प्रश्नावली दाखवलीस. निकाल ‘ऑथॉरिटेटिव्ह’, म्हणजे शिस्तही आणि मायाही. तरी लेक प्रगतिपुस्तक आईलाच दाखवते. “काका, मग चुकतंय कुठे?” असं विचारून तू चहा न पिताच उठलास. ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

उत्तरं कोणी भरली? तूच ना? माल करणाऱ्यानं स्वतःचाच माल पास करायचा नसतो, हे सातपूरला तपासणी खात्यात मीच तुला शिकवलं होतं! पालकांचे हे प्रकार मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बालवाडीतली मुलं कशी वागतात ते पाहिलं, त्यांच्या घरी जाऊन आईबापांनाही पाहिलं. नुसतं पालकांच्या तोंडच्या शब्दावर भागवलं नाही. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी दोन मोजपट्ट्या धरल्या: मुलाकडून आपण किती मागतो, आणि मुलाच्या हाकेला किती ओ देतो. ओ पोचली की नाही, हे हाक मारणाराच सांगणार. म्हणून लेकीला विचार. विचार आणि गप्प बस.

मी विचारलंसुद्धा नव्हतं. माझ्या लेकीनं आपणहून सांगितलं, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि दुतोंड्या मारुती, ज्याच्या अंगावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात ती मूर्ती, कुठवर बुडालाय ते बघायला आम्ही दोघं गेलो होतो. ती म्हणाली, “बाबा, मी आणि दादा तुमचा राग असाच मोजायचो. तुम्ही जिना चढायला लागलात की दादा खूण करायचा. गुडघा, कंबर, छाती.”

आणि मी काय केलं? तिथंच पुराकाठी तिला सगळं ऐकवलं. रात्रपाळ्या, घराचं कर्ज, कामावरून कमी करतील ही धास्ती. त्यातलं अक्षर खोटं नव्हतं. दोघांची फी मी एकदाही थकवली नाही, हे आजही ठासून सांगेन. त्या पगारात, त्या पाळ्यांत दुसरा कोणी हसत घरी आला असता का? ती “हो बाबा” म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही. पाणी छातीला लागलं की ती दोघं काय करायची, हे मला अजून माहीत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, गप्प बस. “तसं नव्हतं गं” नको, “तुझ्या भल्यासाठीच” तर अजिबात नको. बायकोला विचार, तिथंही तेच. तुझ्या आईलाही विचार, तू वडिलांची कुठली वाक्यं जशीच्या तशी बोलतोस ते. त्या ऐकवतील, तू ऐक. रोज रात्री वहीत लिही, आज लेकीला काय बोललो ते, शब्द न बदलता. का बोललो ते लिहू नकोस. ‘का’ लिहायला लागलास की तू स्वतःचा वकील होतोस, आणि वकिली तुला चांगली जमते, मला माहीत आहे.

रविवारी तिला सोमेश्वरला ने. समोर बसवून चौकशी नको, कणीस खात चालता चालता विचार: “मी घरी आलो की तुला कसं वाटतं?” ती “काही नाही” म्हणेल. म्हणू दे. पुढच्या रविवारी पुन्हा जा.

मग मला फोन कर. ती काय म्हणाली ते मला सांगू नकोस, ते तुमच्यातलं आहे. तू किती वेळ गप्प राहिलास, तेवढं सांग.

तुझा,
काका