मालवणला समुद्राजवळ भाड्याने घर घेऊन वर्षभर राहायचं असेल तर काय काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको दोघांचंही काम घरून चालतं, आई सोबत आहेत आणि पुणे सोडून मालवण-तारकर्ली पट्ट्यात वर्षभर भाड्याने राहून बघायचं मनात आहे, तर घर कसं शोधावं. मी मूळची सांगलीची. लोकांचे जीएसटीचे हिशेब घरून करते आणि गेली काही वर्षं मालवणजवळच्या वायरी गावात भाड्याच्या घरात राहते. सगळ्यात आधी सांगण्यासारखं एकच आहे: घर डिसेंबरात बघू नका, जुलैत बघा.

डिसेंबरात इथलं कुठलंही घर आवडतं. हवा कोरडी, भिंती नुकत्या रंगवलेल्या, अंगण सारवलेलं, माडांच्या मधून पाणी दिसतंय. तेच घर जुलैत बघितलं की खरं काय ते कळतं. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला बाहेरून गिलावा नसेल तर ओल आतपर्यंत येते. कपाट भिंतीला टेकवलं असेल तर मागे बुरशी धरते. कौलारू घर उन्हाळ्यात फार सुखाचं, पण माकडं कौलं सरकवतात आणि पहिल्या जोराच्या सरीला पाणी नेमकं अंथरुणावर टपकतं, म्हणून मालक मे महिन्यात कौलं परतून देतो का हे विचारून ठेवा. स्लॅबचं घर असेल तर वर पत्र्याची शेड आहे का ते बघा. शेड नसेल तर पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि मे महिन्यात वरची खोली भट्टीसारखी तापते. घरापर्यंतची पाणंद पावसात चालण्याजोगी राहते का, आईंना चिखलातून जावं लागणार का, हेही त्याच दिवसांत दिसतं.

जुलैत जाण्याचं दुसरं कारण म्हणजे तेव्हा मालकाला बोलायला वेळ असतो. मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. गाव घरात असतं. ऑक्टोबर उजाडला की सगळी माणसं पर्यटकांच्या मागे लागतात आणि तुमच्या भाड्याच्या चौकशीला नीट उत्तर मिळत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट विचारायलाच हवी. तारकर्ली, देवबाग, वायरी, दांडी, चिवला या पट्ट्यात समुद्राजवळची खोली रात्रीच्या भावाने जाते. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळच्या आठवड्यात एका खोलीचे चार-पाच रात्रींत जेवढे पैसे येतात तेवढं महिन्याचं भाडं कोणी देत नाही. त्यामुळे जूनमध्ये स्वस्तात दिलेलं घर दिवाळीच्या तोंडावर रिकामं करून मागतात. त्यात कोणाची लबाडी नसते, घराला तेवढ्याच महिन्यांत पैसा मिळतो. पण तुम्हाला बारा महिने हवे असतील तर बोलणं "बारा महिने, दिवाळी आणि मे धरून" असंच झालं पाहिजे, आणि ते कागदावर यायला हवं. मी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवीचे महिन्याला आठ हजार देते. समुद्र दिसणारी खोली त्यात मिळत नाही, पण समुद्र दहा मिनिटांवर आहे आणि माझं घर बारा महिने माझं आहे.

एक कळकळीची विनंती. पुण्याच्या हिशेबाने दीडपट-दुप्पट भाडं सांगून घर पटकन ताब्यात घेऊ नका. बदलीवर आलेले शिक्षक, एसटीचे वाहक-चालक, बँकेतली मुलं, ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका यांना गावात आधीच वर्षभराची खोली मिळेनाशी झालीये. आपण येऊन भाव चढवला की त्यांना रोज कुडाळ-कणकवलीहून ये-जा करावी लागते. गावातलं चालू भाडं विचारा आणि तेवढंच द्या.

आता मालकांबद्दल. तुम्हाला जे जुनं, अंगण-तुळशीचं घर आवडेल त्याचे मालक बहुधा मुंबईत असतील. घर चुलत्या-पुतण्यांत सामायिक असतं. किल्ली गावातल्या एका काकांकडे असते, घरपट्टी दुसऱ्याच्या नावावर येते, आणि गणपतीला सगळे येतात. आमच्या मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "गणपतीक आमी सगळे येतलव हां, मधली खोली रिकामी व्हयी." ही अट मला मनापासून योग्य वाटली. गणपती मूळ घरातच बसतो, त्याच्यावरची फळं-पानांची माटवी तिथेच बांधली जाते. त्या दिवसांत आम्ही मागच्या खोलीत सरकतो आणि घरात पंधरा-वीस माणसांचं जेवण शिजतं. बाहेरून आलेल्या माणसाला गावात ओळख मिळण्याची याहून चांगली वेळ नाही. पण घर कोणत्या दिवसांत मालकांचं असेल, गणपतीत किती दिवस, मे महिन्यात येणार का, शिमग्याला येणार का, हे सगळं आधी ठरवा. देव्हाऱ्यात रोज दिवा लावायचा का तेही विचारा. बरीच घरं एवढ्याच अपेक्षेने भाड्याने दिली जातात की कुलूप लागू नये आणि देवापुढे दिवा राहावा. अंगणातले नारळ, आंबे, फणस कोणाचे हे बोलून घेतलं की पुढे मनं दुखावत नाहीत. रिवाज असा की फळ मालकाचं, खाण्यापुरतं तुमचं.

पुष्कळ चांगली घरं कुलूपबंद पडलेली दिसतील आणि मालक "नको" म्हणतील. त्यामागे भीती आहे. १९४८ च्या कुळकायद्यात जमिनी गेल्याच्या आठवणी कोकणात घराघरात आहेत, आणि राहायला आलेला माणूस कूळ म्हणून चिकटेल असं अजून वाटतं. तो कायदा शेतजमिनीचा. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, शिवाय मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम २४ मध्ये मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची वेगळी, जलद वाट मालकाला दिलेली आहे. म्हणजे नोंदणी केलेला, ठरावीक मुदतीचा करार त्यांनाच जास्त सुरक्षित ठेवतो. हे मुंबईतल्या मालकांना फोनवर शांतपणे समजावलं की बंद घरंही उघडतात, आमचं तसंच उघडलं. करार ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याने होतो, मालकांना मालवणला यावं लागत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (अनामतीवरही थोडं धरतात), नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि शहरात १,००० रुपये. सामायिक घर असेल तर सही करणाऱ्याकडे बाकीच्यांची संमती किंवा कुलमुखत्यारपत्र आहे का बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती मागा. किनाऱ्याला लागून नव्याने बांधलेल्या खोल्यांना घर क्रमांकच नसतो असंही होतं, किनारपट्टी नियमनाच्या परवानग्या नसतात. अशी खोली कितीही देखणी असली तरी वर्षासाठी घेऊ नका. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला मालकांना सांगा.

पाण्याचं फक्त मे महिन्यात कळतं, म्हणून शेजाऱ्यांना विचारा. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे अरुंद वाळूची पट्टी. तिथल्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. नळ येतो का, किती दिवसांआड येतो, टाकी कोणाची, हे वेगळं विचारा. आणि देवबागेत घर बघत असाल तर किनाऱ्याची धूपही डोळ्यांनी बघून या, दगडी बंधारा कशासाठी घातलाय ते लगेच कळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथली माणसं रात्री जागी असतात.

वीज हा तुमच्या कामाचा प्रश्न. मे-जूनच्या वादळी पावसात झावळ तारेवर पडली की लाइन जाते, कधी तासाभराने येते, कधी दुसऱ्या दिवशी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांबच्या खांब आडवे झाले आणि वाड्यावाड्यांत कित्येक दिवस अंधार होता. तसं रोज होत नाही, पण चांगला इन्व्हर्टर, फायबरचं कनेक्शन आणि वेगळ्या कंपनीचं मोबाइल डेटाचं कार्ड, एवढं असल्याशिवाय घरून काम धरू नका. मालक घरात खोल्या पर्यटकांना देत असतील तर तुमचा मीटर वेगळा आहे ना हे बघा, नाहीतर त्यांच्या एसीचं बिल वाटून घ्यावं लागतं.

खाऱ्या हवेची सवय करावी लागते. लोखंडी ग्रिल, सायकलची साखळी, फ्रिजची मागची जाळी, एसीची बाहेरची कॉइल, सगळ्याला गंज धरतो. कडी-कुलपं पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची बरी. महागाचं लाकडी फर्निचर आणि चामड्याच्या वस्तू पुण्यातच ठेवा. पावसाळ्यात अंगणात विजेरी घेऊनच पाय टाका, फुरसं हा विषारी साप पायवाटेवर पडलेला दिसत नाही. साचलेल्या पाण्यात जखमेच्या पायाने उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाचे रुग्ण इथे दर पावसाळ्यात निघतात, ताप आला की अंगावर काढायचा नाही.

राहण्याचं सुख विचाराल तर ते समुद्र बघण्यात जेवढं आहे तेवढंच माणसांत आहे. वायरी-दांडीला सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते. किनाऱ्यावर वाकून दोर ओढणाऱ्या माणसांचं ते कामाचं ठिकाण आहे, तिथे गाडी उभी करू नका, जाळ्यावरून चालू नका. दोराला हात लावलात तर मात्र पेडवे-बांगडे हातात ठेवल्याशिवाय सोडत नाहीत. पावसाळ्याच्या आधी सुकं भरून ठेवायला शेजारणी शिकवतील, बंदीच्या दिवसांत सोलकढी आणि सुक्या बांगड्यावरच जेवण होतं. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवायची झुंबड असते, दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत रेल्वेचं तिकीट मिळेल असं धरून पाहुणे बोलावू नका.

स्वस्त पडतं म्हणून तुम्ही आचऱ्याचाही विचार करताय असं लिहिलंय. गाव सुरेख आहे. फक्त एवढं माहीत असू द्या की काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल झाला की, तिथे गावपळण होते. तीन दिवस तीन रात्री सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतं. जातधर्माचा भेद नाही, भाडेकरूचाही नाही. तुमच्या वर्षात ती आली तर जरूर जा.

आईंचा विचार करून मात्र मी तुम्हाला देवबाग किंवा आचरा सुचवणार नाही. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला, आणि गंभीर काही झालं तर लोक गोव्यात, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेतात. रात्रीच्या वेळी देवबागेतून निघायचं तर आधी मालवणपर्यंतचा अरुंद रस्ता संपवावा लागतो. पुण्याला जायला रात्रीच्या बस मिळतात, रेल्वेसाठी कुडाळ पाऊण-एक तासावर, चिपीच्या विमानावर भरवसा ठेवून बेत आखू नका. तुम्ही शहरातच मेढा, भरड किंवा धुरीवाड्यात बघा. धुरीवाड्यातून चिवल्याचा किनारा आईंना संध्याकाळी चालत जाण्याइतका जवळ आहे, डॉक्टर आणि बाजार हाताशी आहेत आणि नगरपरिषदेचं पाणी येतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस काढून या, लॉजवर उतरा, दुपारी पाऊस कोसळत असताना घरं बघा आणि करार गणपती झाल्यानंतरच्या तारखेपासून करा. म्हणजे मालकांचा गणपती निवांत होईल आणि त्यांची सगळी माणसं गावात असतानाच सह्यांचं बोलणंही उरकेल.